पिशवीखालची त्वचा : वैद्यांनी काय करावे, काय टाळावे

श्रावणातील सोमवारी वेरूळ येथे पहाटेपासून घृष्णेश्वराच्या दर्शनाची रांग लागते. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेल्या या देवस्थानात पुरुषांनी गाभाऱ्यात प्रवेश करताना अंगातील सदरा उतरवून ठेवावा, अशी रीत आहे. ही रीत येथे सांगण्याचे कारण असे की, काही वर्षांपूर्वी अशाच एका सोमवारी साठीच्या घरातील एक शेतकरी सपत्नीक आमच्याकडे आले, ते दर्शन न घेताच. गुदाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन त्यांना तीन महिने झाले होते. आतील जोडणी भरून येईपर्यंत शल्यचिकित्सकांनी लहान आतड्याचे तोंड पोटाच्या उजव्या बाजूस उघडून दिले होते व त्यावर पिशवी लावलेली होती.

"डॉक्टरसाहेब, टाके भरले, पण पिशवीखाली नुसती आग होते. रात्र रात्र झोप नाही," असे ते म्हणाले. पुढचे त्यांच्या पत्नीने सांगितले. "दर श्रावणात हे गाभाऱ्यात जायचे. औंदा पायरीवरूनच हात जोडून माघारी फिरले. सदरा काढला अन् पिशवी गळाली तर काय करू, म्हणतात."

आम्ही पिशवी काढून पाहिली. आतड्याच्या तोंडाभोवती, विशेषतः खालच्या बाजूस, दोन बोटे रुंदीची त्वचा लालभडक होऊन सोलवटली होती व तीतून पाणी झरत होते. दाह, स्राव, वेदना अशी सर्व लक्षणे समोर होती. आम्ही त्यास व्रण समजलो आणि व्रणाची चिकित्सा केली. निंबपत्रांच्या क्वाथाने प्रक्षालन करून वर शतधौत घृताचा लेप दिला. रुग्णास गार वाटले, आम्हासही समाधान वाटले.

तिसऱ्या दिवशी ते परत आले तेव्हा धोतर भिजलेले होते आणि त्वचा पूर्वीपेक्षा दुप्पट सोलली होती. दोन दिवसांत चार चकत्या वाया गेल्या होत्या. घृताने स्निग्ध झालेल्या त्वचेवर पिशवीची चकती चिकटलीच नाही. ती सैल झाली, खालून मल झिरपला व जी त्वचा वाचवण्यासाठी आम्ही लेप दिला तीच अधिक जळाली. चूक आमची होती. तिच्यातून जे शिकलो ते आपल्या व्यवसायबंधूंसमोर व औषधविक्रेत्यांसमोर ठेवावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

स्टोमा म्हणजे काय?

स्टोमा हा मूळचा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ तोंड असा आहे. मोठ्या आतड्याचे तोंड पोटावर आणले तर कोलोस्टॉमी, लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचे आणले तर इलिओस्टॉमी, आणि मूत्र बाहेर काढण्यासाठी केलेला मार्ग तो युरोस्टॉमी. कारणे अनेक आहेत. गुद व मोठ्या आतड्याचा कर्करोग, मूत्राशयाचा कर्करोग, आंत्रावरोध, विषमज्वरात किंवा आंत्रक्षयात आतड्यास पडलेले छिद्र, अपघातातील इजा, आतड्याचे दीर्घकालीन दाहविकार, तसेच नवजात बालकांतील जन्मजात गुदविकृती ही त्यांपैकी प्रमुख होत. काही स्टोमा तात्पुरते असतात व काही महिन्यांनी शस्त्रक्रियेने आत घेतले जातात. काही आयुष्यभरासाठी असतात.

निरोगी स्टोमा ओठाच्या आतील भागाप्रमाणे लाल व ओलसर असतो. स्पर्शाने किंवा पुसताना किंचित रक्त येणे स्वाभाविक आहे. स्वतः स्टोमास वेदनेची जाणीव नसते. वेदना होते ती भोवतालच्या त्वचेस. म्हणून रुग्ण "स्टोमा दुखतो" असे सांगतो तेव्हा वैद्याने त्वचेकडे पाहावे.

या संदर्भात सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील उदरचिकित्सेचे स्मरण होणे साहजिक आहे. बद्धगुदोदर व परिस्रावी उदर यांत नाभीखाली डाव्या बाजूस, रोमराजीपासून चार अंगुळे अंतरावर पोट उघडावे, आतडे बाहेर काढून निरीक्षण करावे, अवरोध करणारी वस्तू काढावी, छिद्र असल्यास त्याच्या कडा जुळवून काळ्या मुंग्यांकडून दंश करवावा व आतडे पुन्हा जागी ठेवून पोट शिवावे, असे वर्णन तेथे आहे. आपल्या आचार्यांनी आतड्यावर शस्त्रकर्म केले याचा आम्हास अभिमान आहे. परंतु त्या विधीत आतडे परत आत ठेवले जाते. आतड्याचे तोंड महिनोन्महिने पोटावर उघडे ठेवून भोवतालच्या त्वचेचे रक्षण कसे करावे, हा त्या विधीचा विषय नव्हता. त्यामुळे या बाबतीत तयार योग शोधण्यापेक्षा आचार्यांचे तत्त्व लावणे योग्य ठरते, आणि ते तत्त्व म्हणजे निदानपरिवर्जन. रोगाचे कारण दूर करणे हीच थोडक्यात चिकित्सा होय, असे सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. पिशवीखालच्या त्वचेस हे जितके लागू पडते तितके क्वचितच अन्यत्र पडत असेल.

त्वचा का जळते?

क्षारसूत्र वापरणाऱ्या वैद्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. क्षार त्वचेवर राहिला तर त्वचा भेदतो. लहान आतड्यातून येणारा द्रव हा कार्याने जवळजवळ तसाच आहे. त्यात अग्न्याशयाचे पाचक रस सक्रिय असतात व तो अन्नाप्रमाणेच त्वचेचेही पचन करू लागतो. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो. या द्रवाच्या संपर्काने ते आवरण नष्ट होते आणि काही तासांतच त्वचा सोलते. डाव्या बाजूच्या कोलोस्टॉमीतून येणारा मल बराचसा बांधलेला असल्याने तेथे हा त्रास कमी असतो. युरोस्टॉमीत सततच्या ओलीने त्वचा पांढरी पडते, फुगते व तिच्यावर खरखरीत कण साचतात.

म्हणजेच बहुसंख्य रुग्णांत त्वचा मूळची निरोगी असते. मल जेथे लागू नये तेथे लागतो, म्हणून ती बिघडते. मल लागण्याचे थांबले की बहुधा ती आपली आपण भरून येते. मल थांबला नाही तर कोणतेही तैल, घृत वा मलम तिला वाचवू शकत नाही.

आमच्या रुग्णास घेऊन आम्ही शहरातील एका रुग्णालयात स्टोमाची शुश्रूषा शिकलेल्या परिचारिकांकडे गेलो. त्यांनी प्रथम त्वचेकडे पाहिलेच नाही. पोटावरून काढलेली चकती उलटी करून त्यांनी तिची मागील बाजू उजेडात धरली. चिकट पट्ट्यावर खालच्या बाजूस मल झिरपल्याची वाट स्पष्ट उमटली होती. मग त्यांनी विचारले, "तेल कोणी लावलं?" आम्ही म्हणालो, "आम्ही." त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी मोजपट्टी काढली. स्टोमाचा व्यास २८ मिलिमीटर भरला. चकतीचे छिद्र कापलेले होते ४५ मिलिमीटरचे. शस्त्रक्रियेनंतर स्टोमा सुजलेला असताना जो नमुना कागदावर काढून दिला होता, त्याच मापाने घरची मंडळी तीन महिने चकत्या कापीत होती. मधली सर्व त्वचा दिवसरात्र मलात बुडालेली होती.

मोजमाप ही पहिली चिकित्सा

शस्त्रक्रियेनंतर पहिले सहा ते आठ आठवडे स्टोमाची सूज उतरत जाते व तो लहान होतो. या काळात दर आठवड्यास माप घ्यावे. पुढेही वजन वाढले वा घटले, किंवा झिरपणे सुरू झाले, की पुन्हा मोजावे. छिद्र स्टोमापेक्षा सर्व बाजूंनी दोन ते तीन मिलिमीटरहून अधिक मोठे नसावे. अगदी घट्ट कापल्यास कडेने स्टोमा कापला जातो, सैल कापल्यास त्वचा उघडी पडते. बरेच स्टोमा गोल नसून लंबगोल असतात. त्यांच्यासाठी कागदावर आकार उतरवून त्याप्रमाणे चकती कापावी.

पिशवी बदलण्याचा क्रम आम्ही रुग्णांच्या घरी लिहून देतो तो असा :

१. वेळ सकाळची, काही खाण्यापूर्वीची निवडावी. त्या वेळी स्राव कमी असतो. नवी चकती आधीच कापून तयार ठेवावी.

२. जुनी चकती ओढून उपटू नये. एका हाताने त्वचा खाली दाबावी व दुसऱ्या हाताने चकती वरून खाली हळूहळू सोडवावी. निघत नसल्यास कोमट पाण्याचा ओला कपडा लावावा.

३. काढलेल्या चकतीची मागील बाजू पाहावी. मल कोणत्या दिशेने झिरपला हे तेथे दिसते.

४. त्वचा साध्या कोमट पाण्याने व मऊ सुती कापडाने धुवावी. साबण शक्यतो नको. सुगंधी, तेलकट साबण मुळीच नको. स्पिरिट, जंतुनाशक द्रावणे व खरखरीत घासणी वर्ज्य.

५. त्वचा टिपून पूर्ण कोरडी करावी. केस असल्यास जपून कापावेत. उपटल्यास केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येतात.

६. त्वचा ओली झरत असेल तरच स्टोमासाठीची पूड हलकेच भुरभुरावी व जास्तीची झटकून टाकावी. पुडीचा जाड थर राहिल्यास चकती चिकटत नाही.

७. पोटावर घडी वा खळगा असल्यास तेवढ्यातच पेस्ट भरावी. पेस्ट ही खळगा बुजवण्यासाठी असते, चिकटवण्यासाठी नव्हे. काही पेस्टमध्ये मद्यार्क असल्याने सोललेल्या त्वचेवर ती झोंबते.

८. चकती लावल्यावर काही मिनिटे तळहाताने दाबून धरावी. तळहाताच्या उष्णतेने ती नीट बसते.

पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करावी. भरलेल्या पिशवीच्या भाराने चकती सुटते. चकती साधारण तीन ते सात दिवस टिकते. आमच्याकडील उन्हाळ्यात घामाने ती लवकर सुटू शकते. मात्र स्वच्छतेच्या कल्पनेने रोज चकती बदलणेही घातक आहे, कारण प्रत्येक वेळी त्वचेचा वरचा थर तिच्यासोबत निघतो. झिरपत असेल, आग वा खाज होत असेल तर मात्र ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता लगेच बदलावी. फाटलेल्या कडेवर चिकटपट्टी मारून वेळ काढल्यास मल आत कोंडला जातो.

कशाने काय झाले, हे ओळखावे

सोलवटलेली त्वचा स्टोमालगत व झिरपण्याच्या दिशेने असेल तर कारण मलाचा संपर्क. लालीची कड चकतीच्या वा पट्टीच्या आकाराशी नेमकी जुळत असेल तर त्या द्रव्याची असात्म्यता, म्हणजे ॲलर्जी, संभवते. तेव्हा निराळ्या बनावटीची चकती द्यावी. लाल चट्ट्याच्या कडेबाहेर बारीक सुट्या पुटकुळ्या असून खाज फार असेल तर बुरशीचा संसर्ग समजावा. मधुमेही रुग्णांत व दीर्घकाळ प्रतिजैविके घेतलेल्यांत तो अधिक दिसतो. त्यावर बुरशीनाशक पूड लागते. मलम दिल्यास पुन्हा चकती न चिकटण्याचा प्रश्न उभा राहतो. अतिशय वेदनायुक्त, जांभळ्या व आतून पोखरलेल्या कडांचा व्रण दिसल्यास, विशेषतः आतड्याच्या दाहविकाराच्या रुग्णात, लेपचिकित्सा करीत न बसता त्वरित तज्ज्ञांकडे पाठवावे.

आपल्या चिकित्सेतील दक्षता

हा भाग आम्ही विशेष आग्रहाने लिहीत आहोत, कारण येथे होणारी हानी आपल्या हातून होते.

चकतीखालील त्वचेवर तैल, घृत, मध, लेप, हळद वा कोणतेही चूर्ण लावू नये. आपली व्रणरोपक द्रव्ये निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नव्हे. जेथे त्वचेचे संरक्षण चिकटपणावर अवलंबून आहे तेथे स्निग्धता व रजःकण हेच अपायकारक ठरतात, एवढाच अर्थ आहे.

इलिओस्टॉमीच्या रुग्णास विरेचन देऊ नये. मोठ्या आतड्यात होणारे जलशोषण येथे होत नाही. शरीरातील पाणी व लवण आधीच अधिक जात असते. साधे त्रिफळा चूर्णही नित्यक्रम म्हणून देण्यापूर्वी विचार करावा. स्राव एकाएकी वाढणे, मूत्र कमी होणे, जीभ कोरडी पडणे, पायात गोळे येणे ही धोक्याची लक्षणे होत. अशा वेळी नुसते पाणी पाजत राहणे पुरेसे नसते. मीठ-साखरेचे योग्य प्रमाणातील जलसंजीवनी द्यावी व रुग्णालयात पाठवावे. श्रावण, एकादशी, महाशिवरात्र या काळात निर्जळी उपवास करणारे रुग्ण आमच्याकडे येतात. इलिओस्टॉमी असलेल्याने निर्जळी करू नये, हे वैद्याने स्पष्ट शब्दांत सांगावे. वैद्याचा शब्द घरात मानला जातो, त्याचा येथे उपयोग करावा.

स्टोमातून बस्ती देण्याचा प्रयोग करू नये. कोलोस्टॉमी धुण्याचा एक विधी प्रचलित आहे, परंतु तो निवडक रुग्णांत, शल्यचिकित्सकांच्या संमतीने व शिक्षित परिचारिकांकडून शिकूनच करावयाचा असतो.

कठीण गुटी-वटी इलिओस्टॉमीतून न विरघळता जशीच्या तशी पिशवीत आलेली आम्ही पाहिली आहे. आवरण असलेल्या गोळ्यांचेही तसेच होते. या रुग्णांना औषध देताना त्याचे स्वरूप पाहावे व पिशवीत गोळी दिसते का, हे विचारावे.

आहाराबाबत आपला सल्ला खरोखर उपयोगी पडतो. भात, पिकलेले केळे, साबुदाणा यांनी स्राव घट्ट होण्यास मदत होते. मक्याचे दाणे, ओल्या नारळाचे तुकडे, शेंगदाणे, पालेभाज्यांचे दांडे हे न चावता गिळल्यास इलिओस्टॉमीच्या तोंडाशी अडकू शकतात. म्हणून थोडे खावे व पुष्कळ चावावे. कांदा, कोबी, अंडी यांनी वास वाढतो. ताक बहुतेकांस मानवते.

कांडोळाचा डिंक

चकतीवरील चिकट पट्ट्याची कथा आपल्या डोंगरांपासून सुरू होते, हे अनेक वाचकांस ठाऊक नसेल. महाराष्ट्रातील कोरड्या पानझडी जंगलांत, खडकाळ उतारांवर, पांढऱ्या गुळगुळीत खोडाचा कांडोळ वृक्ष उभा असतो. उन्हाळ्यात त्याच्या खोडास खाचा पाडून जो डिंक मिळवतात तो जगाच्या बाजारात कराया डिंक म्हणून ओळखला जातो. भारत हा त्याचा मोठा पुरवठादार राहिला आहे. पाण्यात तो विरघळत नाही, फुगतो, आणि ओल्या पृष्ठभागासही धरून राहतो. म्हणून कृत्रिम दातांची कवळी बसवण्याच्या पुडीत त्याचा वापर होत असे.

अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमधील शल्यचिकित्सक रूपर्ट टर्नबुल यांनी १९५० च्या दशकात हाच डिंक स्टोमाभोवतीच्या त्वचेसाठी वापरात आणला. त्यापूर्वी रबरी पिशव्या व झोंबणारे गोंद यांवर भिस्त होती व सोललेली त्वचा हे अशा रुग्णांचे प्राक्तनच समजले जाई. इंग्लंडमधील ब्रायन ब्रूक यांनी १९५२ मध्ये लहान आतड्याचे टोक उलटवून त्वचेच्या वर नळीसारखे उचलून शिवण्याची पद्धत मांडली. त्यामुळे द्रव त्वचेवर न पसरता थेट पिशवीत पडू लागला. १९५४ मध्ये डेन्मार्कमधील परिचारिका एलिस सोरेन्सन यांनी आपल्या बहिणीची अवस्था पाहून त्वचेस चिकटणाऱ्या, वापरून टाकून देता येणाऱ्या पिशवीची कल्पना मांडली. टर्नबुल यांच्या रुग्ण असलेल्या नॉर्मा गिल यांनी स्वतःच्या इलिओस्टॉमीच्या अनुभवातून इतर रुग्णांना शिकवण्यास आरंभ केला. १९६१ मध्ये क्लीव्हलँड येथे त्यांच्या सहभागातून या शुश्रूषेचे पहिले विद्यालय सुरू झाले. या साऱ्या प्रगतीत रुग्ण व परिचारिका यांचा वाटा शल्यचिकित्सकांइतकाच आहे.

पुढे उष्णतेने व द्रवाने कराया डिंक लवकर वितळतो ही उणीव ध्यानात आली. आज बहुतेक चकत्यांत पेक्टिन, जिलेटिन व कार्बोक्सिमिथिलसेल्युलोज यांसारखी द्रव्ये असतात. कांडोळाचा डिंक काही उत्पादनांत अजूनही आढळतो. हे वाचून कोणी पंसाऱ्याकडील डिंक कुटून रुग्णाच्या त्वचेवर टाकू नये, अशी विनंती आहे. बाजारात कतीरा या नावाने निरनिराळ्या झाडांचे डिंक मिळतात, त्यांत साल व माती असते आणि ते निर्जंतुक नसतात.

औषधविक्रेत्यांस विनंती

ग्रामीण भागात स्टोमाच्या रुग्णाचा वैद्याहूनही अधिक वेळा संबंध येतो तो औषधविक्रेत्याशी. त्यामुळे काही गोष्टी त्यांच्या हाती आहेत. दोन भागांच्या पद्धतीत चकतीची कडी व पिशवीची कडी एकाच कंपनीची व एकाच मापाची असावी लागते. एकीची चकती व दुसरीची पिशवी दिल्यास ती दिसायला बसते, रात्री सुटते. इलिओस्टॉमीस खालून उघडणारी पिशवी लागते, युरोस्टॉमीस तोटीची. बंद पिशवी देऊन चालत नाही. बालकांची मापे निराळी असतात. चकत्या उन्हात, पत्र्याच्या खोलीत वा गाडीत ठेवल्यास चिकट पट्टा खराब होतो, तेव्हा साठवणीची जागा थंड असावी व मुदतीची तारीख पाहून माल द्यावा.

याखेरीज दोन साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. दुकानात एक मोजपट्टी ठेवावी व "शेवटचे माप कधी घेतले?" हा प्रश्न प्रत्येक ग्राहकास विचारावा. तसेच पूर्ण खोके घेण्याची ऐपत नसलेल्यास एक-दोन नग देण्याची सोय करावी. अनेक रुग्ण पैशासाठी एक चकती दहा-बारा दिवस ओढतात, आणि त्या शेवटच्या दिवसांतच त्वचा जाते.

केव्हा पाठवावे

स्टोमा जांभळा, काळसर वा फिकट पांढरा दिसणे, आतून रक्त येत राहणे, कडेची शिवण सुटणे, स्टोमा आत ओढला जाणे किंवा एकाएकी बराच बाहेर येणे, शेजारी फुगवटा दिसणे, चार ते सहा तास इलिओस्टॉमीतून काहीही न येता पोटात कळा व उलटी सुरू होणे, या प्रत्येक प्रसंगी रुग्णास विलंब न लावता शल्यविभागाकडे पाठवावे. वेरूळपासून छत्रपती संभाजीनगर सुमारे ३० किलोमीटर आहे. तेथे घाटी रुग्णालय व २०१२ मध्ये सुरू झालेले शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय तसेच स्टोमाधारकांसाठी कार्य करणारी ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. आपल्या जिल्ह्यात स्टोमाची शुश्रूषा शिकलेली परिचारिका कोठे आहे, हे प्रत्येक वैद्याने आजच विचारून ठेवावे. आम्ही ते तीन दिवस उशिरा विचारले.

शेवटी

त्या शेतकरी गृहस्थांची त्वचा योग्य मापाची चकती लागल्यापासून दहा-बारा दिवसांत भरून आली. स्टोमाच्या पुडीखेरीज कोणतेही औषध लागले नाही. खालच्या बाजूस पोटावर एक घडी होती, तीत पेस्ट भरली व कमरेस पट्टा दिला. त्यांच्या पत्नी चकती कापण्यास शिकल्या. दर आठवड्याचे माप त्यांनी दिनदर्शिकेच्या मागे लिहून ठेवले होते. त्या नोंदी आमच्याही उपयोगी पडल्या.

आम्ही त्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगितली होती. आपल्या सर्वांच्या पोटात तेच असते जे त्यांच्या पिशवीत आहे. नीट बसलेली पिशवी गळत नाही, वासही येऊ देत नाही. देवळात, लग्नात, एसटीत, कोठेही जाण्यास तिची आडकाठी नाही. ऐकून त्यांनी मान हलवली, पण त्यांचा विश्वास बसल्याचे दिसले नाही. आम्हीही पुन्हा आग्रह केला नाही.

कार्तिकातील एका सोमवारी सकाळी ते चिकित्सालयात डोकावले. धोतर नेहमीपेक्षा किंचित वर बांधलेले, सदऱ्याची बटणे उघडी, कपाळास ओले भस्म. हातातील बेलाचे पान त्यांनी आमच्या मेजावर ठेवले.

"आज सदरा काढला, डॉक्टरसाहेब."

"आणि पिशवी?"

"होती की तिथंच. कुणी बघितलंबी नाही," असे म्हणून ते हसले, आणि पुढील महिन्याच्या चकत्यांची चिठ्ठी मागू लागले. आम्ही चिठ्ठी लिहिण्याआधी मोजपट्टी काढली.